तिरक्या कापाचा टोस्ट

९ जानेवारी, गुरुवार

आली! दुपारच्या पुण्याच्या गाडीने शिवांजली आली. माझ्या नणंदेची लेक. लहानपणी सुट्टीत आली की आमच्या भट्टीसमोर बसकण मारून गरम पाव खायची, आता पुण्यात बेकिंग शिकते. कॉलेजने काम दिलंय — लहान गावांतल्या, गावाबाहेरच्या बेकऱ्या हिंडून बघायच्या. हात धुवायच्या आधी आत गेली आणि तिथूनच ओरडली, "मामी, भट्टी गार कशी?"

काय सांगणार? तात्याबा निघून गेला, मी म्हणाले. आमचा कारागीर. अंबाजोगाईच्या लातूर रोडवरची ही बेकरी त्याच्या आणि माझ्या हातावर उभी राहिली. दिवाळी झाली अन् एक दिवस तो आलाच न्हाई. खोली रिकामी, फोन बंद, बायको सत्यभामा पण बरोबर गेली. त्याच्या गावी, चकलांब्याला, भावाकडे निरोप धाडला, तर उलटा निरोप — हिकडं न्हाई आला.

हे म्हणतात, "गेला तर गेला. लातूरहून पाकिटातला माल आणू अन् विकू. तू कावून एवढा जीव लावतीस?"

पाकिटातला माल! आमच्या दुकानात!

१० जानेवारी

ठरलं. शिवांजलीला बेकऱ्या दाखवायला मीच जाणार. ती स्कूटी चालवणार, मी मागे. यांना म्हणाले, पोरीचा अभ्यास आहे, अंबाजोगाईत तिला काय माहीत? "जा," म्हणाले. पेपरातून मान वर केली न्हाई.

माझं कारण वेगळं आहे. तात्याबा भट्टीशिवाय राहणारा माणूस न्हाई. तो कुठंतरी भाजतोच आहे. आणि त्याचा टोस्ट मी ओळखणार. ओवा तळहातावर चोळून घालतो, आणि पाव तिरका कापतो. हिकडं सगळे सरळ कापतात.

शिवांजलीला तेवढं सांगितलं. टुणकन उठली. "मामी, म्हणजे आपण त्यांना शोधायला निघालोय!"

"आधी तुझा अभ्यास," मी म्हणाले. पण मनात म्हणाले — होय, शोधायलाच.

११ जानेवारी, शनिवार

मोरेवाडी. नव्या कॉलनीत बबिता नावाची पोरगी घरातच केक करते. नवरा ड्रायव्हर. पुढच्या खोलीत सोफा न्हाई, ओव्हन आहे! आज ऑर्डर होती जेसीबीच्या आकाराच्या केकची. पिवळंधमक यंत्र, पुढं खोरं, खोऱ्यात चॉकलेटचा चुरा. वर लिहायचं होतं — "भावी सरपंच". वाढदिवस कुणाचा? चार वर्षांच्या पोराचा!

हसून हसून पोट दुखलं. पण पोरीचा हात काय चालतो! शिवांजलीने तिला क्रीम घट्ट ठेवायची काहीतरी युक्ती सांगितली, तिने हिला चाकांचा साचा कापायचा कसा ते दाखवलं. दोघी मैत्रिणी झाल्या. मी केक खाल्ला. मऊ. गोड. घशाखाली गेला की विसरायचा.

टोस्ट करत न्हाई म्हणाली. "टोस्टला कोण फोटो काढतंय, काकू?"

१२ जानेवारी

गुडघे! स्कूटीवर इतकी वर्षं बसलेच न्हाई. दिवसभर बाम. हे म्हणाले, "बास झालं हिंडणं." न्हाई झालं.

१४ जानेवारी, संक्रांत

सकाळी पूजा, वाण, पोळ्या. दुपारी चनईला गेलो. तिथं पूर्वी वत्सलाबाईंची बेकरी होती. दिवाळीला बाया रवा, तूप, साखर घेऊन नानकटाई भाजून घ्यायला रांग लावायच्या, मी नवी नवरी असताना मीही लावलेली.

आता भट्टीच्या तोंडात कडबा कोंबलाय. शेजारी दोन शेळ्या. वत्सलाबाई उन्हाला बसल्या होत्या. शिवांजलीच्या हातावर तिळगूळ ठेवला, म्हणाल्या, "भट्टी तापायची तवा घर गरम राहायचं. आता लई गारठा लागतो बघ." पोरं पुण्यात. मळायला कोण न्हाई, बघायला कोण न्हाई.

शिवांजलीने फोटो काढले. मला तिथं थांबवेना. स्कूटीवर बसले आणि तिला म्हणाले, माझ्या भट्टीत कडबा जाणार न्हाई. ऐकलंस?

"ऐकलं मामी. गाडी हलते, नीट बसा."

१६ जानेवारी

सिरसाळा. लांब पडलं. नुसते क्रीमरोल. तात्याबा न्हाई. शिवांजलीने चार खाल्ले आणि आता पोट धरून झोपलीय. शहाणी!

१८ जानेवारी, शनिवार

आज पोरगी म्हणाली, कुठं जायचं न्हाई, मीच काहीतरी करते. चुलीवरच्या भांड्यात वाळू तापवून त्यात क्रोसाँ भाजले. लई नाव त्याचं. मला तर वाकडी केलेली खारी वाटली! पण खाल्ली तर पापुद्रा न् पापुद्रा सुटा, लोण्याचा वास. मान्य केलं. ती मात्र हिरमुसली होती. म्हणाली, "हे जमतं मामी. साधा पावच जमत न्हाई. प्रॅक्टिकलला माझा पाव बसला. सगळ्यांसमोर." बाप म्हणतो, पैसे घालवून पाव शिकायला कशाला जायचं. डोळे भरले तिचे.

मग मैदा घेतला अन् तिला शेजारी बसवलं. मी मळलं, तिनं मळलं. तिचा हात घाई करतो. म्हणाले, तुला उशीर होतोय का कुठं? हसली. मग जरा बरं मळलं.

दुपारी दुकानात एक माणूस टेपने भिंत मोजत होता. यांना विचारलं तर म्हणाले, "रंगाचं माप घेतोय." रंग? आता? हे जेवायला बसले.

२१ जानेवारी, मंगळवार

सापडलं! म्हणजे तो न्हाई, पण त्याचा हात सापडला!

नीट लिहिते. परळीला गेलो. गावाबाहेर आप्पारावांची मोठी बेकरी आहे — मशीनच मैदा मळतं, मशीनच पाव कापतं. शिवांजलीने मोबाइल काढला तसे आप्पाराव धावत आले. "फोटो न्हाई काढायचा! कुठल्या खात्याकडनं आलात?"

"कॉलेजकडनं," ती म्हणाली.

"सगळे आधी असंच म्हणतात!"

त्यांना वाटलं आम्ही अन्नतपासणीवाल्या! पुढचा सगळा वेळ ते आम्हाला हात धुवायची जागाच दाखवत राहिले. तीनदा. एका माणसाला घाईने टोपी घालायला लावली, ती त्याच्या डोळ्यांवर आली. शिवांजली ओठ चावत उभी. चहा पाजला, पेढे दिले, गेटपर्यंत सोडायला आले. बाहेर आल्यावर आम्ही जे हसलो!

त्या चहाने भागलं न्हाई, म्हणून स्टेशनसमोरच्या टपरीवर बसलो. टपरीवाल्याने बरणीतून टोस्ट काढून दिला. मी न बघताच चहात बुडवला. तोंडात घातला — ओवा! चोळलेला ओवा! उरलेला तुकडा बघितला. तिरका काप.

उठून उभीच राहिले. कप कलंडला. "दादा, हा टोस्ट कुठला?"

"घाटनांदूरचा. रेल्वेच्या गाडीने येतो. एक बाई देऊन जाती."

"कशी आहे दिसायला?"

"उंच हाय. लई बोलती."

सत्यभामा! दुसरी कोण!

परत येताना शिवांजली गाणं म्हणत होती. मी पण म्हणायला लागले. रस्त्यावरचे लोक बघत होते. बघू देत.

घरी यांना काही बोलले न्हाई. त्याला घेऊनच दारात उभी राहीन, मग बोलीन.

२३ जानेवारी, गुरुवार

आज घाटनांदूरला जाऊन आलो. उशीर झालाय. तरी लिहिते.

स्टेशनच्या मागे एक जुनी बेकरी आहे, पत्र्याची. धुराडं चालू. दारात सत्यभामा भाजायचे पत्रे पुसत होती. मला बघितलं आणि पत्रा हातातून पडला. "अगं बया! वहिनी!" गळ्यातच पडली.

तात्याबा आत. लांब दांड्याची फळी हातात, पाठ माझ्याकडे. वळला न्हाई. म्हणाला, "बसा वहिनी." जसं काही कालच भेटलो.

मी उभीच राहिले. वाटेत ठरवलं होतं, रागवायचं न्हाई. पण तोंडातून आलंच. "कावून गेलास? काय कमी केलं तुला? एक शब्द सांगता येत नव्हता?"

तो भट्टीत बघत राहिला. मी आणखी बोलले. नको ते बोलले. माणुसकी न्हाई तुला, म्हणाले. तेव्हा सत्यभामा मधे आली. "आता बोला की ओ! किती दिवस वहिनींचा राग आपल्या डोक्यावर घ्यायचा?"

तात्याबाने फळी भिंतीला लावली. "मालकांनी सांगितलं, वहिनी."

"काय सांगितलं?"

"जागा मोबाइलच्या दुकानवाल्याला भाड्यानं द्यायचीय, म्हणले. गुढीपाडव्यापासून. तू हायस तवर वहिनी भट्टी बंद करू देणार न्हाईत. तर गुपचूप जा. वहिनींना फोन करू नको. मी शब्द दिलता." थोडं थांबून म्हणाला, "मला वाऱ्यावर न्हाई सोडलं त्यांनी. ही भट्टी त्यांनीच बघून दिली. भाड्याचं हिथल्या मालकाशी तेच बोलले."

म्हणजे यांना माहीत होतं. सगळं. मी चकलांब्याला निरोप धाडत होते तेव्हा माहीत होतं. मी रोज संध्याकाळी रस्त्याकडे बघत होते तेव्हा माहीत होतं. "गेला तर गेला" म्हणाले तेव्हाही!

"चल परत," मी म्हणाले. "मी बघते त्यांच्याकडे."

"कुठं येऊ, वहिनी? तिथं भट्टी पाडायचं ठरलंय." मग हळू म्हणाला, "अन् आता हे आमचं हाय. लहान हाय, पण आमचं हाय. सत्यभामा गाडीनं माल नेती. जमतंय."

मी भट्टीकडे बघितलं. खरं होतं ते.

टोस्टची पिशवी बांधून दिली सत्यभामाने. येताना स्कूटीवर शिवांजली रडत होती. मी न्हाई रडले. तिला म्हणाले, पुढं बघून चालव.

२४ जानेवारी

सकाळी यांची लिंगपूजा होईपर्यंत थांबले. मग टोस्ट ताटलीत घालून पुढं ठेवला. बघितला. ओळखला. हात लावला न्हाई.

"भेटलीस त्याला."

"भेटले."

यांनी ताटली बाजूला सारली. मग बोलले. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले न्हाईत. "माझी शुगर, तुझे गुडघे. आपला पोरगा म्हणतो पुण्याला या, तो फ्लॅट बघतोय. किती दिवस मैद्यात राहायचं, जगदेवी? मी थकलो. लई थकलो."

"मग मला विचारायचं."

"विचारलं असतं तर तू न्हाई म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारायचं असतं!"

शिवांजली दारात उभी होती, ती मागे सरकली. हे मान खाली घालून बसले. खरंच थकलेले दिसले. कधी झाले इतके म्हातारे? मी बघितलंच न्हाई, मी भट्टीकडे बघत होते. वाईट वाटलं. पण राग पण गेला न्हाई. दोन्ही एकाच वेळी. मोबाइलवाल्याला शब्द दिलाय, कागद झालाय. मोडणार न्हाईत. मोडा असं मी म्हणणार पण न्हाई.

२६ जानेवारी, रविवार

शाळेची प्रभातफेरी दारावरून गेली. शिवांजली आज पुण्याला गेली. जाण्याआधी सकाळी उठून तिने एकटीने पाव मळला, घरच्या भांड्यातच भाजला. फुगला! मधे थोडा फाटला, पण फुगला. अर्धा आम्हाला ठेवला, अर्धा बापाला दाखवायला नेला. यांनी दोनदा मागून घेतला. तिला म्हणाले, "चांगला झालाय गं." ती मामाच्या पाया पडली, माझ्या पडली, आणि माझ्या कानात म्हणाली, "मामी, तुम्ही पुण्याला येऊन काय करणार?"

बस सुटली.

२८ जानेवारी

पुण्याला येऊन काय करणार?

३१ जानेवारी, शुक्रवार

यांना सांगितलं. पुण्याला तुम्ही जा, बरं वाटेल, पोराजवळ राहा. मी महिन्यातून एकदा येईन. पण मी हिथंच राहणार, दुकानामागच्या दोन खोल्या भाड्याच्या कागदात न्हाईत ना? न्हाईत. मग झालं.

"हिथं राहून करशील काय?"

सांगितलं.

यांनी सगळं ऐकलं. नंतर स्वतःच उठून एसटीचं वेळापत्रक विचारायला कुणाला तरी फोन लावला. मी आतून ऐकत होते.

३ फेब्रुवारी, सोमवार

पहिल्या गाडीने घाटनांदूर. हे स्टँडपर्यंत सोडायला आले, गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभे होते.

बेकरीत गेले तर तात्याबा मैदा चाळत होता. गडबडला. सत्यभामाला म्हणाला, खुर्ची आण. मला म्हणाला, "बसा, वहिनी."

पदर खोचला. "बसायला न्हाई आले, तात्याबा. कामाला आले. पगार ठरव."