वॉशरची लेझीम

आबा,

परवा इथे सौदीत, आमच्या अबकैकच्या कंपाउंडमध्ये महाराष्ट्र दिन साजरा केला. तुम्ही असतात तर आधी लेझिमींना नावं ठेवली असतीत. झाडूच्या दांड्या, सायकलची चेन आणि चकत्यांच्या जागी भंगारातले वॉशर. रत्नागिरीच्या एका वेल्डरचाचांनी बनवल्या. छमछम कसली, नुसती खडखड. चाचा म्हणाले, "आवाज नाय तर नाय, पाय चुकवू नका म्हंजे झालं." अगदी तुमच्यासारखं बोलले.

सातवीत तुम्हीच आमचे कवायतीचे मास्तर होतात; मला शाळेच्या लेझीम पथकाचा पुढारी केलंत आणि वर्गातल्या एकाला चाली शिकवायला सांगितलंत. मी सगळ्या शिकवल्या, फक्त बसून घ्यायची गिरकी सोडून. तो माझ्या पुढे जाईल अशी धास्ती होती. तुम्ही भर मैदानात मला विचारलंत, "हातचं राखून शिकवतोस? मग शिकवूच नकोस." त्या रात्री जेवताना मी ताटावरून मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमची पितळी चकत्यांची लेझीम मला दिलीत. का दिलीत, ते विचारायचं राहूनच गेलं.

आता इथे आमच्या जागी सौदी माणसं घ्यायचा नियम आलाय. माझ्या हाताखाली एकजण शिकायला दिलाय. तो तयार झाला की माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द, खलास. तुमची नात यंदा इथेच बारावीला आहे. त्यातून तो गुणी निघालाय, हीच पंचाईत. परवा तोही आला होता. पायघोळ थोब गुडघ्यापर्यंत खोचून, लेझीम उचलून आमच्याकडून शिकलेल्या हिंदीत म्हणाला, "यल्ला उस्ताद, सिखाओ." मी सगळ्या चाली शिकवल्या, गिरकीसुद्धा. दोनदा आपटला, तिसऱ्यांदा जमली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी उगाच छाती काढून उभा होतो.

पण प्लँटमधला जुना पंप बिघडायच्या आधी त्याच्या अंगावर हात ठेवून ते कसं ओळखायचं, हे आठ महिन्यांत मी त्याला सांगितलेलं नाही. मीटरवर ते दिसत नाही. त्याने दोनदा विचारलं, "उस्ताद, आपको कैसे पता चला?" मी म्हटलं, "अंदाज से."

उद्या सांगून टाकणार आहे, असं इथे लिहिलं होतं. ते खोडलं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी तुमच्याशी खोटं बोलवत नाही.