दोन डाव्या बाह्या

३ मार्च, मंगळवार
कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या! बावीस वर्षं कात्री धरतोय मी. कापड कमी होतं, म्हणून दुहेरी न घालता एकेक बाही कापली — आणि दुसरीच्या वेळी साचा उलटवायचाच राहिला. गिऱ्हाइकाच्या वडिलांनी जपून ठेवलेलं कापड. तसं दुसरं मिळायचं नाही.

मालक म्हणाले, "हे कुणी केलं?" माझ्या तोंडून निघालं, "मावशींनी. मी जेवायला गेलो होतो." दुकानात शिवणाऱ्या मावशी समोरच मशीनवर होत्या. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा शिवायला लागल्या.

४ मार्च
आजही दीड तासच झोप. दोन महिने झाले.

६ मार्च, शुक्रवार
मावशींना मशीनवरून उठवून काजं-बटणांना बसवलं. "वय झालं, नजर गेली असेल," इति मालक. मी तिथेच उभा, हातात खडू.

घरी बायको — "झोप लागली ना रात्री?" हो म्हणालो. तिच्या समाधानासाठी हल्ली मी खोटं खोटं घोरतो. लिहितानाही लाज वाटते. डॉक्टरला जाऊन सांगू तरी काय? तान्ह्या बाळाला जमतं ते मला जमत नाही म्हणून?

९ मार्च
ट्रायलच्या खोलीत पडदा ओढून रडलो. बाहेरून गिऱ्हाईक — "मास्तर, आत कुणी आहे का?"

१० मार्च
सकाळी कात्री हातात धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे. टेबलावर कापड नव्हतंच. आपण नसलो तर सगळ्यांचं सोपं होईल, असं मनात आलं. आलं ते जाईना.

मावशींनी हातातून कात्री काढून घेतली. "बोथट झालीय. धार लावायला देते."

११ मार्च
मालकांना खरं सांगून टाकलं. त्यांनी मावशींना परत मशीनवर बसायला सांगितलं. मावशींची माफी मागितली. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या दहाला तयार राहा."

१२ मार्च
डॉक्टरकडे जाऊन आलो. मावशी सोबत आल्या होत्या. रिक्षात म्हणाल्या, "बाह्यांचं सोडा, मास्तर. आमच्या ह्यांनाही झोप नव्हती. आम्ही घरात त्यांना घुबड म्हणून चिडवायचो. मग एका सकाळी त्यांनी स्वतःलाच संपवलं."

भाडं द्यायला त्यांनी पिशवी उघडली. आत माझी कात्री होती, फडक्यात गुंडाळलेली. धार लावायला दिलीच नव्हती.