तुम्ही हे केलं नाही तर काय होईल?

सें पिएर, मॉरिशस,
ऑगस्ट १९८५

प्रिय इंद्राणी,

हे पत्र तुझ्या मैत्रिणींना वाचून दाखवू नकोस. एक तर माझी मराठी गावच्या बैठकेत, संध्याकाळच्या वर्गात शिकलेली, मध्येच इथली क्रेओल बोली घुसणारी. पुण्याच्या मुली हसतील. दुसरं कारण पुढे येईलच. इथे थंडी आहे, ऊसतोड जोरात चाललीय. सकाळी मोकाच्या डोंगरावरून असं धुकं उतरतं की बस दिसायच्या आधी तिचा आवाज येतो. तुझी आई बरी आहे. गणपती जवळ आले, मंडळाने यंदाही मखराचं काम माझ्याकडेच दिलंय. लोक मला अजून मान देतात. माहीत नाही म्हणून देतात की माहीत असूनही देतात, हे मात्र मला आता कळेनासं झालंय.

माझं काम तुला ठाऊक आहे. बंदरात उतरलेला माल सोडवायचा तर त्याची चिठ्ठी माझ्या टेबलावर यायची. मी ती जहाजाच्या कागदाशी ताडून बघायचो, जांभळा शिक्का मारायचो आणि पुढे पाठवायचो. लहानपणी तू माझी बोटं बघून विचारायचीस, बापू, जांभळं खाल्लीत का? आईने तर गावभर सांगून ठेवलं होतं की यांच्या शिक्क्याशिवाय पोर्ट लुईतून तांदळाचं पोतं हलत नाही. मी कधी नाही म्हटलं नाही. खरं सांगू, मलाही तसंच वाटायचं.

गेल्या वर्षी ऑफिसात कॉम्प्युटर आणायचं ठरलं. कॉम्प्युटरच्या आधी निर्मला आली. पितों गावची मुलगी, आपल्या मराठी लोकांतलीच, तुझ्याहून थोडी मोठी, लंडनला शिकून आलेली. सिस्टिम अॅनालिस्ट. तू जे शिकतेस तेच, म्हणून मी तिच्याकडे जरा जास्तच कौतुकाने बघत होतो. पहिल्या दिवशी तिने आम्हा सगळ्यांना बसवलं आणि फळ्यावर एक मोठा गोल काढला. म्हणाली, आधी मी नुसती बघणार, काम आज कसं चालतं ते. मग कसं चालायला हवं ते तुमच्याबरोबर ठरवणार. मग आराखडा, मग प्रोग्राम, मग त्यातल्या चुका शोधायच्या, मग वापरायला घ्यायचं, आणि वापरताना बिघडेल ते दुरुस्त करत राहायचं. शेवटी तेही जुनं होतं, मग पुन्हा पहिल्यापासून. माझ्या शेजारचा हरिलाल कानात म्हणाला, हे तर उसासारखंच की रे! लावण, तोड, खोडवा, आणि मग शेत उखडून पुन्हा लावण. मी हसलो. उखडण्यात आपण येऊ असं माझ्या मनातही आलं नाही.

बरेच दिवस ती कॉम्प्युटरचं नावही न काढता पेन्सिल घेऊन फिरत होती. एकेक चिठ्ठी कुठून निघते, कुठे थांबते, कुठे संपते, हे तिच्या मागे चालत जाऊन बघायची. मग एका दुपारी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. आधी क्रेओलमध्ये, काकाऐवजी तोंतों म्हणत, विचारत होती. तोंतों, तुम्ही एखादी चिठ्ठी अडवलीत तर पुढे काय होतं? मी ऐटीत सांगायला लागलो आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की जी मी सांगतोय ती जुनी गोष्ट आहे. अलीकडे मी एकही चिठ्ठी अडवलेली नव्हती. समोरच्या खिडकीवरची मुलंच आता जहाजाचा कागद बघून चिठ्ठी लिहितात. मग तिने विचारलं, शिक्का पुढे कोण बघतं? मी म्हटलं, गेटवर. ती हळूच म्हणाली, मी गेटवर उभी राहून आले, त्यांच्याकडे कस्टमची वेगळी प्रत थेट येते. आणि मग, पहिल्यांदाच मराठीत, तिने विचारलं, "काका, तुम्ही हे केलं नाही तर काय होईल?"

बाळ, तिच्या आवाजात टोमणा नव्हता. पेन्सिल धरून ती माझ्या उत्तराची वाट बघत होती. उत्तर असणारच, अशी तिची खात्री होती, आणि तेच मला सहन झालं नाही. हरिलाल ऐकत होता, खिडकीवरची मुलं ऐकत होती. मी उठलो, डबा घेतला आणि दुपारच्याच बसने घरी आलो. आईला सांगितलं, ताप आहे.

दुसऱ्या दिवशीही गेलो नाही. संध्याकाळी युनियनचा राधाकृष्ण आला. म्हणाला, तुलसीराम, ती पोरगी तुला काय बोलली ते सगळ्यांना कळलंय. म्हाताऱ्या माणसाचा अपमान केला. शुक्रवारी सभा आहे, मोठे साहेब येणार आहेत. तू फक्त उभं राहून सांग, बाकीचं आम्ही बघतो. तिला काढलं नाही तर काम बंद. तो गेला आणि मला, लाज वाटते लिहायला, बरं वाटलं. अपमान झाला म्हटलं की माझ्याकडे उत्तर का नव्हतं हे कुणी विचारणार नव्हतं.

सभेच्या आदल्या दिवशी निर्मला स्वतः घरी आली. दोन बस बदलून, पत्ता विचारत विचारत. मी अंगावर शाल ओढून बसलो. ती म्हणाली, काका, मी सगळ्यांसमोर विचारायला नको होतं, माझं चुकलं. सभेचा एक शब्द तिने काढला नाही. आपल्या बाजूने बोला असं म्हणाली नाही. तुझ्या आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने व्हॅनिलाचा चहा केला, गातो पिमां, आपले मिरचीचे डाळवडे, तळले, आणि निर्मलासमोर माझं गुणगान सुरू केलं. यांच्याशिवाय ऑफिसचं पान हलत नाही बघ, दोन दिवस घरी आहेत तर तिकडे गोंधळ उडाला असेल, नाही? निर्मलाने माझ्याकडे बघितलं नाही. आईकडे बघून म्हणाली, हो काकी. आणखी एक वडा घेतला. त्या "हो काकी"ने मला जेवढी मान खाली घालायला लावली, तेवढी त्या प्रश्नानेही लावली नव्हती.

सभेत मला पुढे उभं केलं. राधाकृष्ण म्हणाला, सांग, काय बोलली ती? निर्मला भिंतीशी उभी होती, हात पाठीमागे बांधून, शाळेत उभं केल्यासारखी. मी म्हटलं, तिने विचारलं, मी हे काम केलं नाही तर काय होईल. लोक ओरडायला लागले. मी म्हटलं, थांबा. मला उत्तर आलं नाही. तेव्हा आलं नाही आणि त्यानंतर घरी बसून शोधलं तेव्हाही आलं नाही. तिने अपमान केला नाही. माझं टेबल काढलं तर काही होणार नाही, एवढंच खरं आहे. मागून कुणीतरी हसलं. मग पुष्कळजण हसले. इंद्राणी, मी त्या हसण्यातून दारापर्यंत चालत गेलो. आजही दुपारी डोळा लागला की ते चालणं माझं संपत नाही.

निर्मला राहिली, काम पुरं झालं. आता थंडगार खोलीत मशीन आहे, चिठ्ठ्या तिथून छापून निघतात, बंदरावर गाड्या पूर्वीसारख्या ताटकळत नाहीत. माझं टेबल गेलं. पगार कमी केला नाही, मागच्या खोलीत जुने कागद लावायला बसवलंय. हरिलाल बोलत नाही, कारण माझ्यानंतर त्याचं टेबल गेलं आणि वाट मी दाखवली असं त्याला वाटतं. निर्मला कधी कधी दारातून डोकावून, काका, बरं ना, म्हणते. मी हो म्हणतो आणि कागदात डोकं घालतो. तिच्यावर राग नाही. तिच्याकडे बघवत नाही, एवढंच.

आईला मी पुष्कळ उशिरा सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं, ताटातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मग इतकी वर्षं तुम्ही एवढे दमून का येत होतात?" ती उठून माझ्यासाठी पाणी तापवायला गेली.

गेल्या आठवड्यात तू आईला लिहिलेलं पत्र तिने मला दाखवलं. अभ्यासाचा भाग म्हणून तिकडच्या कारखान्यात ज्या जुन्या कारकुनाचं काम समजून घ्यायला तू बसत होतीस, त्याने तुझ्याविरुद्ध तक्रार केली, तू रडलीस, आणि आता हे सगळं सोडून, डिसेंबरात शिक्षण पुरं व्हायच्या आधीच, घरी यायचं म्हणतेस. बापूंसारख्या माणसांच्या पोटावर पाय देणारं काम मला नको, असं लिहिलंस. माझं टेबल गेल्याचं आईने तुला कळवलं होतं, बाकीचं कळवायला मीच तिला मना केलं होतं. म्हणून हे लिहिलं. माझ्यासाठी सोडू नकोस. मला लाज वाटते ती कुणी विचारलं याची नाही. त्याआधी इतक्या वर्षांत मी स्वतःला एकदाही विचारलं नाही याची वाटते. हे पत्र मिळालं की त्या माणसाच्या टेबलाशी पुन्हा जा. आजूबाजूला कुणी नसेल अशी वेळ बघ. तो तुझ्याकडे बघणार नाही. मीही बघितलं नव्हतं. तरी त्याच्यासमोर बस.

आहे तसा, पण तुझाच,
बापू