मर्व टलकची हाक

बर्क, ३ मार्च १९९४

ती. क्लॅरीदादास,

लॉर्नाचा सा. न. वि. वि. नदी आटलीय, माझा गुडघा ठणकतोय, माश्या तोंडात जातायत. म्हणजे इकडे सगळं ठीक.

वृद्धाश्रमात मात्र नवीन बाई आल्यात, मिसेस एल्फिक, थेट सिडनीहून. त्यांनी फळ्यावर नोटीस लावलीय. कर्मचाऱ्यांनी कुणालाही मेट, म्हणजे दोस्ता, असं सलगीनं म्हणायचं नाही. म्हाताऱ्यांना मिस्टर अमुक, मिसेस तमुक म्हणायचं, त्यात त्यांची प्रतिष्ठा आहे म्हणे. बर्कमध्ये ही नोटीस! इथे माणूस कुत्र्यालाही मेट म्हणतो आणि पोलिसालाही.

तुला मर्व टलक आठवतो ना? न आठवून कसं चालेल, एकाच शेडमध्ये मेंढ्या कातरल्यात तुम्ही. आता शहाऐंशीचा आहे आणि डोकं पार पुसून गेलंय. मिस्टर टलक म्हटलं की तो दाराकडे बघून बापाला शोधतो. मेट म्हटलं की लगेच आ करतो आणि खीर खातो. तो स्वतःही सगळ्यांना मेटच म्हणतो, डॉक्टरला, मांजराला, खुद्द एल्फिकबाईंना. मी नोटीस मानली नाही, म्हणून मला लेखी ताकीद मिळालीय.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
लॉर्ना

डबो, ९ मार्च

चि. लॉर्नास,

अ. उ. आ. तुझी जीभ आईवर गेलीय, दुसरं काय. तुझ्या निवृत्तीला सात महिने उरलेत. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, आता कशाला भांडतेस? बाई म्हणते ते म्हण आणि पगार घे. शेडमध्ये आम्ही ज्याचे दात पाडायचे त्यालाही आधी मेट म्हणायचो. शब्दानं कुणाचं पोट भरत नाही, बये.

गुडघ्याला शेक दे. माया आहे तशी ठेव.

तुझा,
क्लॅरीदादा

बर्क, १६ मार्च

ती. दादास,

सा. न. तुझं ऐकलं. सोमवारी, मंगळवारी मिस्टर टलक, मिस्टर टलक करत राहिले. दोन दिवस त्यानं तोंड उघडलं नाही. बापाला हाका मारून रडला. आज मी मेट म्हटलं आणि त्यानं वाडगा चाटून पुसून रिकामा केला. शब्दानं पोट भरत नाही म्हणालास ना? येऊन बघ.

दुसरी ताकीद आली. सोमवारी एल्फिकबाईंपुढे उभं राहायचंय. नोटीस मान्य असल्याच्या कागदावर सही केली तर नोकरी टिकेल, नाहीतर घरी.

आणि दादा, वाकायचं मला तू शिकवू नकोस. छप्पन्नच्या त्या संपात मेंढ्या कातरणारे सगळे शेडबाहेर बसले होते आणि तू कातरायला आत गेलास. अडतीस वर्षं झाली, मला अजून त्याची लाज वाटते. बोलणार नव्हते, पण तू बोलायला लावलंस.

लोभ असावा. रागही चालेल.

लॉर्ना

डबो, १८ मार्च

चि. लॉर्नास,

आशीर्वाद. पत्रात खोटं काहीच नाही, म्हणून रागावता येत नाही.

तुझी जॉयसवहिनी बाळंतपणाला इस्पितळात होती, पोर जगेल की नाही ठाऊक नव्हतं. मी आत गेलो. ही सबब नाही, झालं ते सांगतोय. त्या शनिवारी मी पबमध्ये शिरलो. कुणी शिवी दिली नाही की हात उगारला नाही. मर्व टलकनं टोपी काढली आणि मला मेट नाही, मिस्टर पिकेट म्हटलं. मग सगळ्यांनीच म्हटलं. तेव्हापासून अख्खं बर्क मला मिस्टर म्हणतं, म्हणून मी गाव सोडलं. तुझ्या त्या बाईला सांग, मिस्टरमध्ये किती प्रतिष्ठा असते ते माझ्या भावाला विचारा.

सही करू नकोस. वाकून काय मिळतं ते मी बघितलंय. नोकरी गेली तर इथे खोली रिकामीच आहे.

मर्वला एकदा बघून यावंसं वाटतं. पण तो मलाही मेट म्हणेल, आणि विसरून दिलेलं मला नको. म्हणून पाय निघत नाही.

तुझा दादा

बर्क, २२ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. सही केली नाही. बाई तशा गोड बोलल्या, चहाही दिला. नियम सगळ्यांना सारखा म्हणाल्या. मी म्हटलं, नियम तुमचा, म्हातारा आमचा. छातीवरची नावाची पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि बाहेर पडले. रस्त्यावर येऊन रडले, तुझ्यापासून काय लपवायचं. अठरा वर्षं काढली होती तिथे.

आज दुपारी परत गेले. नोटीस कर्मचाऱ्यांना आहे, पाहुण्यांना नाही. वहीत नाव लिहिलं, मर्वजवळ बसले आणि साऱ्या जेवणघराला ऐकू जाईल अशी हाक मारली. त्यानं खीर खाल्ली, वर जेली मागितली. एल्फिकबाई दारातून बघून निघून गेल्या. मी रोज जाणार आहे.

पुढच्या गुरुवारच्या बसनं ये. चार दिवसांचे कपडे आण. बस पबसमोर थांबते आणि त्या वेळी संपातले उरलेले पाचही जण ओट्यावर बसलेले असतात. ते मिस्टर पिकेट म्हणतील, म्हणू देत. मर्वनं विसरून दिलेलं तुला नको ना? मी काही म्हणजे काही विसरलेले नाही. त्या पाचांदेखत मी तुला मेट म्हणून हाक मारणार आहे.

तुझी,
लॉर्ना