वाणाची भांडी

आई, सेक्टर बावीसच्या बाजारातलं ते भांड्यांवर नाव कोरायचं यंत्र अजून माझ्या कानात घर्रघर्र करतं. दर संक्रांतीला तू वाणाची भांडी घेऊन तिथं बसायचीस आणि प्रत्येकावर ‘सप्रेम’ आणि साल घालून घ्यायचीस. दुकानदार हसायचा, “बहनजी, चम्मच पे भी?” “हां जी, चम्मच पे भी.” त्यातलं एक वाण शेजारच्या पंजाबी आजींचं, बीजींचं. महाराष्ट्र मंडळातल्या बायका कुजबुजल्या, “अहो, विधवेला वाण?” तू म्हणालीस, “का? विधवा पीठ चाळत नाहीत?”

बीजी फाळणीत पलीकडेच राहिल्या होत्या. नवरा गेल्यावर तिकडच्या पासपोर्टावर इकडे भावाकडे आल्या आणि परत गेल्याच नाहीत. आमच्या शाळेतल्या कवितांत नदी ओलांडली की आजोळ यायचं. बीजी नदी ओलांडून माहेरी आल्या आणि कागदावर परक्या झाल्या. नागरिकत्वाचा अर्ज वर्षानुवर्षं पडून. मग ते दिवस आले. दिवेलागणीला रस्ते ओस, अतिरेकी बसमधून उतरवून नावं विचारायचे. नेमकी तेव्हाच कचेरीला बीजींची आठवण झाली. फार वर्षं ओळखणारे दोन साक्षीदार आणा, नाहीतर परत पाठवू. भाऊ वारलेला. गल्लीतली दारं बंद. बाबा म्हणाले, “माझी सरकारी नोकरी आहे. तू सही करायची नाहीस.” तू तव्यावरची पोळी उलटलीस.

तपासनीस बीजींच्या व्हरांड्यात येऊन बसला. तू सही केलीस. “कब से जानती हैं इन्हें? कोई सबूत?” तू तरातरा त्यांच्या स्वयंपाकघरात शिरलीस आणि चाळणी, गाळणी, वाट्या, झारा, सगळं त्याच्यापुढे मांडलंस.

“पढ़ लो भाईसाब. हर साल लिखा है.”

“ये क्या है जी?”

“हमारे में संक्रांत को देते हैं. अपनों को.”

बीजी डोळे पुसत हसल्या, “पुत्तर, कड़छी वी एहदी, मैं वी एहदी!” म्हणजे पळीही तुझी, त्याही तुझ्याच.

त्यानं एकेक भांडं उलटून साल वाचलं. लोक पुरावा म्हणजे शिक्का समजतात. समजोत. मी त्या चाळणीपेक्षा पक्का दस्तऐवज आजवर पाहिला नाही, आणि कुणी म्हणालं तरी मानणार नाही.

“ठीक है. दूसरा गवाह?” मी पुढे झालो. “कॉलेज के लड़के की नहीं चलेगी.”

तू गेल्यावर लिहिलेलं हे पत्र कुठं टाकणार? उशीखालीच राहील. पण कबूल करतो, तू भांडी मांडत होतीस तेव्हा मला तुझी लाज वाटली होती. आता मात्र बसल्या बसल्या मनानं तिथंच जाऊन उभा राहतो. तपासनीस कागद आवरतोय. तू म्हणतेस, “बैठो. आएगा कोई.” कोण येणार, तुलाही ठाऊक नाही. फाटक करकरतं. भर दुपारी, कचेरीच्या वेळेत, हातात न उघडलेला डबा घेऊन दारात बाबा. घाम पुसतात, कुणाकडेच बघत नाहीत.

“पेन दे,” तुला म्हणतात.