पुराच्या रेघेवरचं जोतं

१४ मे १९५४

नदीकडच्या नव्या घराच्या पायऱ्यांचं काँक्रीट आज एकदाचं ओतून झालं. शेजारच्या भिंतीवर जुन्या पुराची रेघ आहे, माझ्या छातीला लागते. जोतं तिच्याही वर पाहिजे, हा हट्ट माझाच. काळ्या मातीत एवढा भार खचू नये म्हणून पायाही खोल घेतला. "सासूबाईंना एवढ्या पायऱ्या कशा जमणार?" असं बायकोनं मागंच विचारलं होतं. मी खेकसलो, "पूर काय तुला विचारून येणार हाय?"

संध्याकाळी आईला बांधकाम दाखवायला टांग्यातून नेलं. गुडघ्यांमुळं तिला आताच्या घराचा उंबरासुद्धा चौकट धरून ओलांडावा लागतो. तिनं ओल्या पायऱ्यांकडं पाहिलं, मग त्या रेघेकडं. मला वाटलं, पटलं तिला. पटलंच होतं म्हणा, रेघ काय खोटी आहे?

रात्री जेवताना म्हणाली, "उंची बरोबर घेतलीस बाबा. आता एकदा वर गेल्यावर मी काय परत खाली उतरत न्हाय. अंगणातली तुळस तेवढी वर लाव."