पावसाची नोंद : निरंक

१ जून २००३, रविवार. सकाळी ८.

आजपासून पावसाळा सुरू. सरकारी कॅलेंडरप्रमाणे. आभाळात तसा काही पुरावा नाही.

आमच्या महसूल मंडळाचं पर्जन्यमापक गावच्या सहकारी सोसायटीच्या आवारात, म्हणजे माझ्या घराच्या दारातच. मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणून नोंदीची जबाबदारी माझ्याकडे. रोज सकाळी आठला बाटली काढायची, काचेच्या मापाने पाणी मोजायचं, रजिस्टरात लिहायचं. पाऊस नसला की 'निरंक'. गेल्या वर्षी तहसीलच्या एका साहेबांनी माझी सही बघून 'वा' म्हटलं होतं.

यंदाचा निश्चय : एकही दिवस नोंद चुकवायची नाही.

सकाळी ९.३० : तीस जूनपर्यंतचं 'निरंक' लिहून टाकलं. सह्यांसकट. नोंद चुकायचा प्रश्नच मिटला. पाऊस आलाच तर खोडून दुरुस्त करता येईल.

४ जून, बुधवार.

पर्जन्यमापकाचं नरसाळं सौ.ने चैत्रात रॉकेल ओतायला नेलं, ते अजून स्टोव्हपाशीच आहे. सरकारी वस्तू आहे, परत ठेव, असं तिला आज जरा कडक आवाजात सांगितलं. म्हणाली, पाऊस न्हाई तर त्या डब्याला टोपी कशाला घालून ठिवायची. मुद्दा बरोबर वाटला. ढग दिसले की लावू.

१२ जून, गुरुवार.

आबांची जीप तालुक्याला निघाली होती. (गहिनीनाथ आबा, आमचे चेअरमन. सोसायटीची चारा छावणी तेच चालवतात.) पंधरा तारखेपर्यंतचा पर्जन्य अहवाल त्यांच्याबरोबर धाडून दिला. तीन दिवस आधीच. बाकीच्या मंडळांना स्मरणपत्रं जातात, तेव्हा कुठे ते जागे होतात.

१३ जून, शुक्रवार. संध्याकाळी ६.

दुपारी साडेचारला वादळ. सोबत पाऊस, वीस मिनिटं, सुपानं ओतल्यासारखा. आमच्या घराचे पत्रे उडाले. अठराच्या अठरा. सौ. आत होती, तिने खांबाला मिठी मारली म्हणून वाचली. मी सोसायटीच्या ऑफिसात टेबलाखाली होतो. दप्तर सांभाळत.

सगळा गाव गोळा झाला. सौ. रडत होती. मी एकटा शांत. कारण घराची विमा पॉलिसी. फेब्रुवारीत कंपनीच्या माणसाने सोसायटीत मीटिंग घेतली, तेव्हा एकाही सभासदाने काढली नाही. मी आदर्श घालून द्यायला काढली. लोक हसले होते.

सौ. म्हणाली, अंधार पडायच्या आत पत्रे गोळा करून आणू, शेजारचे आठ-दहा माणसं येतेत. मी स्पष्ट नाही म्हटलं. पंचनाम्याआधी पुराव्याला हात लावायचा नसतो. ती माझ्याकडे बघत राहिली. कायदा बायकांना पटायला वेळ लागतो.

आज पाऊस किती झाला ते मोजता आलं नाही. नरसाळं स्वयंपाकघरात.

१४ जून, शनिवार.

अर्ज लिहिला. तीन प्रती. 'काल रोजी झालेल्या मुसळधार पावसामुळे व वादळामुळे' अशी सुरुवात. नुकसानीत पत्रे १८, भिजलेली ज्वारी दोन पोती, गादी एक, सौ.च्या माहेरचं जातं (फुटलं नाही, पण लिहिलं). अर्ज वाचून मलाच गहिवरून आलं.

दुपारी गावभर फिरून पत्रे शोधले. दोन मारुतीच्या पारावर, एक शेजारच्या जानकीबाईच्या खळ्यात, पाच छावणीत, एक थेट नदीत. उरलेले नऊ बेपत्ता. सापडलेल्या प्रत्येकावर गेरूने नंबर घातला. हात न लावता, फक्त ब्रशने. नकाशाही काढला. असा क्लेम कंपनीने आजवर पाहिला नसेल.

घरावर ताडपत्री बांधली आहे. एका कोपऱ्याला कमी पडते. तिथे मी झोपतो.

१६ जून, सोमवार.

तलाठी आले नाहीत. टँकरच्या ड्यूटीवर आहेत.

१७ जून.

तलाठी आले नाहीत.

१९ जून, गुरुवार.

काल बीडला विमा कंपनीत जाऊन आलो. साहेबांनी फाईल चाळली, नकाशा उलटा धरून पाहिला. म्हणाले, पंचनामा आणा, आणि त्या तारखेला वादळी पाऊस झाल्याचा तहसीलचा दाखला. बास, एवढंच. मला हसू आलं. पावसाचा दाखला ज्या नोंदीवरून मिळतो, ती नोंद ठेवणारा माणूस समोर उभा होता. मी सांगितलं नाही. मोठेपणा आपण होऊन सांगू नये.

आज सौ. पालीला गेली, भावाकडे. शहादेव स्वतः न्यायला आला होता. त्याने आधी वर घराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सौ.ची पिशवी उचलली. सौ. एस.टी.त चढताना म्हणाली, छप्पर झालं की कळवा. मी म्हटलं, आठ दिवस. फार तर दहा.

भाकरी जानकीबाई देते. तिचं खळं वादळात मोकळंच होतं, म्हणून तिचं काहीच उडालं नाही. तिच्या शेळ्यांना मात्र सावली नाही बिचाऱ्या.

२३ जून, सोमवार.

तहसील. पावसाच्या टेबलावरचा क्लार्क सज्जन माणूस. दाखला मागितला. त्याने आमच्या मंडळाचा अहवाल काढला, तेरा तारखेवर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं. निरंक. मग विचारलं, सही तुमचीच ना?

सही माझीच होती. छान आली होती.

मी म्हटलं, साहेब, हा अहवाल बारा तारखेला पाठवलेला आहे. त्यात तेरा तारखेचा पाऊस कसा येईल? तो म्हणाला, मग बारा तारखेला तेरा तारखेचं निरंक कसं आलं? आम्ही दोघांनी तो कागद उजेडाकडे धरूनही पाहिला. शेवटी त्यानेच मार्ग काढला. दुरुस्तीचं पत्र द्या, चेअरमनची शिफारस जोडा, दाखला करून देतो. म्हटलं ना, सज्जन माणूस.

२४ जून, मंगळवार. रात्री लिहायला दिवा नाही, म्हणून दुपारीच.

दुरुस्तीचं पत्र सुंदर झालं. ते घेऊन छावणीवर आबांकडे गेलो. आबांनी वाचलं, घडी घातली, स्वतःच्याच खिशात ठेवलं. म्हणाले, सेक्रेटरी, तुमी शिकल्याले हाव म्हणून तुमाला सांगतो. मंडळात चांगला पाऊस झाला असं कागदावर आलं की छावणी बंद. आदेश तयारच हाय, निस्ती तारीख टाकायची ऱ्हायलीय. तुमचं घर एक हाय, हितं तीनशे बारा जनावरं हायेत. कावून गावाच्या पोटावर पाय द्यायलाव?

मी म्हटलं, पण आबा, पाऊस तर पडला. आबा म्हणाले, पडला की. कोण न्हाई म्हणतंय?

बाहेर चंद्रभागाबाई भेटली. तिच्या दोन म्हशी छावणीत आहेत. घरचे ऊसतोडीवरून आले तेव्हापासून त्या म्हशींवरच चूल चालते. तिला कुणीतरी सांगितलं असावं. माझ्या हाताला धरून म्हणाली, बाबा, तुझं छप्पर उडालं ते म्या या डोळ्यांनी पाह्यलं. लई वंगाळ झालं. पर पाऊस म्हणू नको रे. रानात काडी न्हाई अजून.

तिला म्हटलं, नाही म्हणत.

संध्याकाळी ५ : विचार केला. व्यापक हितासाठी माघार घेणं ही माघार नसते. शिवाय मार्ग सुचला आहे. पत्रे पावसाने थोडेच उडतात? वाऱ्याने उडतात. कोरडं वादळ.

२५ जून, बुधवार.

दुसरा अर्ज. 'दि. १३ रोजी झालेल्या कोरड्या वादळामुळे.' तीन प्रती. एक विमा कंपनीला रजिस्टर पोस्टाने. छावणी वाचली, क्लेम वाचला, रजिस्टरही वाचलं. आबांना वाचून दाखवला. आबा म्हणाले, डोकं हाय तुमाला.

सौ.ला कार्ड टाकलं : दहा दिवस.

२८ जून, शनिवार.

तलाठी आले. पंधरा दिवसांनी का होईना. मी नकाशा घेऊन पुढे, ते मागे, पंच म्हणून आबा आणि जानकीबाईचा दीर रामकिसन.

पारावर पत्रे नाहीत. नदीत नाही. छावणीतले पाच पत्रे कडब्याच्या गंजीवर चढवलेले. नंबर दिसत होते, पण आबांनी सांगितलं की ते छावणीचेच आहेत, नंबर त्यांनी घातले. पत्रा क्रमांक सात जानकीबाईच्या शेळ्यांच्या गोठ्यावर होता. मी बोट दाखवलं. रामकिसन आभाळाकडे बघायला लागला. ज्या बाईची भाकरी मी दोन वेळा खातो, तिच्या शेळ्यांच्या डोक्यावरचं काढून मागायचं कसं? मी म्हटलं, नंबर सारखा दिसतो, पण आपला नसावा.

पंचनाम्यात नोंद : घटनास्थळी पत्रे आढळून आले नाहीत.

मग तलाठ्यांनी ज्वारी पाहिली. पोत्याबाहेर चांगले बोटभर मोड आले होते. त्यांनी विचारलं, कोरड्या वादळात ज्वारी भिजली कशी? मी आबांकडे पाहिलं. आबांनी रामकिसनकडे. रामकिसन म्हणाला, घागर लवंडली आसंल. पंचनाम्यात घागर आली.

१ जुलै, मंगळवार. सकाळी ८.

नवा महिना. नवे निश्चय. (१) आगाऊ नोंदी पूर्ण बंद. रोज सकाळी आठला स्वतः मोजून लिहायचं. (२) नरसाळं जागेवर. आजच साबणाने धुऊन लावलं. अजून थोडा रॉकेलचा वास येतो. (३) क्लेमबाबत सकारात्मक राहायचं.

बाटली तपासली. कोरडी. निरंक. आयुष्यात पहिल्यांदा बघून लिहिलं. बरं वाटलं.

५ जुलै, शनिवार.

सौ.चं कार्ड आलं. शहादेवच्या मुलीने लिहून दिलं आहे. छप्पर कुठपर्यंत आलं, असं विचारलं आहे. खाली लिहिलं आहे, जेवता का वेळेवर. हे वाक्य दोनदा वाचलं.

उत्तर टाकलं : शेवटच्या टप्प्यात.

९ जुलै, बुधवार.

विमा कंपनीचं पत्र. टाईप केलेलं, चांगल्या कागदावर. आपल्या पहिल्या अर्जात मुसळधार पाऊस, दुसऱ्या अर्जात कोरडं वादळ, पंचनाम्यात घागर, आणि शासकीय नोंदीत निरंक. सबब आपला दावा नामंजूर. सोबत पुरावा म्हणून जूनच्या अहवालाची झेरॉक्स. माझ्या सहीसकट.

झेरॉक्समध्येसुद्धा सही उठून दिसते.

दिवसभर खाटेवर पडून होतो. ताडपत्री परवाच्या वाऱ्यात फाटली. आभाळ निळं होतं. आता काय करावं ते सुचत नाही. अपील करता येतं म्हणतात. अपिलाला पावसाचा दाखला लागतो.

११ जुलै, शुक्रवार. सकाळी १०.

पहाटे पावसाने उठवलं. खाट भिंतीकडे ओढली, तिकडेही पाऊस. मग पेटीवर बसून राहिलो, डोक्यावर पॉलिसीची फाईल धरून. तास-दीड तास. नखशिखांत भिजलो.

बरोबर आठला बाहेर आलो. नियमाप्रमाणे बाटली काढली, काचेच्या मापात ओतली, डोळा पातळीला आणून पाहिलं. तेवीस मिलिमीटर. एक थेंबही सांडला नाही. इतकं अचूक मोजमाप या मंडळात कधी झालं नसेल. हातात धरून जरा वेळ बघत उभा राहिलो.

तेवढ्यात सोसायटीच्या ऑफिसातून आबांची हाक. फोन आहे म्हणून. माप तसंच हातात घेऊन गेलो. आत छावणी तपासणीचे साहेब चहा पीत होते. ते बुटाचा चिखल पायरीला पुसून आले होते, पायरीवर दिसत होता. साहेबांनी आबांना विचारलं, पाऊसपाणी? आबा म्हणाले, कुठलं साहेब. दारात चंद्रभागाबाई शेणाची पाटी घेऊन उभी. ती माझ्याकडेच बघत होती.

फोन सौ.चा. पालीतल्या दुकानातून लावला होता. म्हणाली, हिकडं सकाळी लई पडला वो. मला तुमचाच घोर लागला. तिकडं झाला का? झाला आसंल तर छपराचं मरू द्या, शहादेवाची मोठी ताडपत्री घिऊन आजच्या गाडीनं येते. दोघं मिळून बांधू. भिजलाव का तुमी?

शर्टातून पाणी गळून फोनखाली थारोळं झालं होतं. साहेबांचं लक्ष माझ्याकडे. आबांचंही. मी म्हटलं, निरंक.

ती म्हणाली, म्हंजी?

म्हटलं, पाऊस नाही इकडे. मी कोरडा आहे.

मग म्हणाली, बरं. मंग आखाड सरल्यावर बघू. जेवत जावा. आणि फोन ठेवला.

मापातलं पाणी बाहेर येऊन तुळशीला घातलं. टेबलाशी बसलो, रजिस्टर उघडलं. दि. ११, पाऊस : निरंक. हात ओला होता, त्यामुळे शाई जरा पसरली. सही मात्र वाचता येते.